खिडकीचा रकाना

२ फेब्रुवारी

भिंगरे,

पत्र बघून दचकू नकोस, घरात सगळे धडधाकट आहेत. आईंचा गुडघा कुरकुरतो तेवढाच, आणि तुझ्या दादाची पाठ जुनीच. फोन करता आला असता, म्हणशील. पण रविवारी अकराला तुझा फोन आला की आई तो घेऊन गॅलरीत जातात, दार ओढून घेतात, आणि अर्ध्या तासानं आत येऊन मला सांगतात, "तुलाही विचारलंय हो तिनं." सहा वर्षं हे एकच वाक्य ऐकते आहे. तू खरंच विचारतेस की त्या पदरचं सांगतात, याची मी कधी चौकशी केली नाही.

बातमी अशी, की शेडखोली बंद होते आहे. ज्या खोलीत मी तुला, नवऱ्याची बहीण म्हणून, डाइंग मास्तरांची विनवणी करकरून चिकटवलं होतं, तीच. दोऱ्याचा लॉट गिऱ्हाइकानं दिलेल्या कापडाच्या तुकड्याशी रंगानं जुळतो की नाही, हे तिथं सव्वीस वर्षं माझ्या डोळ्यांनी ठरवलं. आता यंत्र आलंय. पावाच्या डब्याएवढं आहे. दोरा त्याच्या तोंडाशी धरला की ते आकडा सांगतं आणि मास्तर मान डोलावतात. माझ्यासमोर त्यांनी सव्वीस वर्षांत मिळून एवढी मान डोलावली नसेल. तीस एप्रिलला खोलीला कुलूप लागणार.

तू तिकडच्या कंपनीत लॅबची मुख्य झालीस म्हणे. आईंनी फोटो दाखवला. पांढरा कोट, मागे काचेची कपाटं. आधी मला दाखवला, मग शेजारणीला, मग माझ्यादेखत परत शेजारणीला. "एका जागी गंज खात बसली नाही हो माझी मुलगी," असं त्या तिला म्हणाल्या. बोलणं शेजारणीशी होतं, पण लेकी बोले सुने लागे. असो. तुझं अभिनंदन करते. हा शब्द कालच लिहायचा होता, पण काल हात वळला नाही.

मला तुझ्याकडून काही नकोय. खोली बंद होते आहे, एवढं कळवायचं होतं.

तुझी वहिनी

ता. क. त्या फोटोतल्या तुझ्या कोटाचं अंग आणि बाही एका पांढऱ्यातली नाहीत. बाही निळसर मारते. एवढ्या मोठ्या लॅबमध्ये कोणाच्या लक्षात आलं नाही?


१९ फेब्रुवारी

भिंगरे,

उत्तर आलं नाही. न येऊ दे. मी काही वाट बघत नव्हते. पत्रपेटीची किल्ली हल्ली माझ्याकडे असते, ती उगाच.

काल कंपनीनं आम्हा अकरा जणांना कँटीनमध्ये बसवलं. ज्यांची कामं जाणार त्यांना सल्ला द्यायला बाहेरून एक बाई आल्या होत्या, तुझ्याच वयाच्या, तुझ्यासारख्याच भरभर बोलणाऱ्या. त्यांनी फळ्यावर दोन गोल काढले. लहान गोल म्हणजे ही कंपनी, मोठा म्हणजे बाहेरचं जग. म्हणाल्या, "नोकरी टिकणं वेगळं आणि नोकरी मिळणं वेगळं. टिकायला इथली माणसं लागतात, मिळायला तुमचं काम बाहेरच्यांना कळावं लागतं." मग प्रत्येकाच्या हातात एक कागद दिला.

किती विभागांत काम केलंत? एक. गेल्या पाच वर्षांत नवीन काय शिकलात? मी लिहिलं, एक हजार एकशे चाळीस शेड नंबरानिशी तोंडपाठ आहेत. बाई माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होत्या.

"ताई, हे नंबर बाहेर चालतात का?"

"बाहेर कशाला चालतील? आमच्या कंपनीचे आहेत."

"बरं. कंपनीबाहेरच्या किती लोकांनी तुमचं काम पाहिलंय?"

मी बराच विचार केला, तुझं नाव लिहिलं आणि मग खोडलं.

जाताना बाई म्हणाल्या, "तुम्ही इथं फार मोलाच्या आहात." त्यांनी 'इथं' या शब्दावर जरा जोर दिला. घरी येईपर्यंत तो शब्द माझ्या पायात येत होता.

तुला गंमत वाटेल, पण तो कागद तुला समोर बसवून छापल्यासारखा होता. शेडखोलीत चार वर्षं, मग पॅकिंग, मग तक्रारखातं, मग स्टोअर, मग लॅब. तक्रारखात्यात असताना तू विक्रीवाल्यांबरोबर गावोगावच्या शिवणकारखान्यांत फिरलीस, शिव्या खाल्ल्यास आणि ओळखी करून आलीस. तुझ्या पायाला भिंगरी म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं, तेव्हा ते चिडवायला होतं. मी मात्र खुर्चीवर बसले. त्या खुर्चीला मास्तरांनी उशी दिली, माझ्या नावाची पाटी लावली, नव्या पोरी वाकून 'शेडवहिनी' म्हणायच्या, आणि मला वाटायचं, मी जिंकले.

आणि तू हे सगळं फिरलीस कशामुळं, ते आठवतंय ना? चारशे सतराच्या लॉटमुळं. आपल्या वहीत दोन रकाने असायचे, 'ट्यूब' आणि 'खिडकी'. आधी ट्यूबलाइटखाली शेड जुळवायची, मग उत्तरेच्या खिडकीत दिवसाच्या उजेडात. तू खिडकीच्या रकान्यात बरोबरची खूण केलीस आणि शेड खिडकीला दाखवलीच गेली नव्हती. जुनं उकरत नाही मी. पण खूण तुझ्या हातची होती हे खरं की नाही? त्या शिक्षेपायी तुझी शेडखोलीतून बदली झाली आणि बदलीतून तुझं भलं झालं. म्हणजे एका अर्थी उपकारच झाले तुझ्यावर.

सहा वर्षांपूर्वी दुसऱ्या कंपनीत जायच्या दिवशी दारात बॅग घेऊन उभी राहिलीस आणि मला विचारलंस, "वहिनी, त्या लॉटचं शेडकार्ड सापडलं का गं कधी?" मी म्हणाले, जायचं तर नीट जा, आरोप करून जाऊ नकोस. तेव्हापासून आपलं बोलणं बंद आहे. नमुन्याचा दोरा गुंडाळलेलं ते कार्ड गहाळ झालं होतं, सगळ्या खात्याला माहीत आहे. मी काय सांगणार?

वहिनी


६ मार्च

भिंगरे,

आज मुलाखतीला जाऊन आले. पन्नाशीत पहिली मुलाखत. तुझ्या दादानं बुटांना पॉलिश करून दिलं, स्वतःची पाठ धरून. आईंनी विचारलं, "सांगू का तिला, एखादा शब्द टाकायला?" मी म्हटलं, नको, माझे डोळे आहेत.

कारखाना मोठा होता, पण आत रंगाईचा वास आपल्यासारखाच. एका मुलानं टेबलावर निळ्या दोऱ्यांची आठ रिळं मांडली आणि म्हणाला, सांगा. मी सांगायला लागले. "ही चारशे सतरा. ही चारशे सतराच, पण जरा भाजलेली. ही चारशे बावीसकडं झुकते." तो माझ्या तोंडाकडं बघत बसला. मग म्हणाला, "म्हणजे काय?" आता चारशे सतरा म्हणजे काय, हे मी कोणाला कसं सांगू? आपल्या मजल्यावर झाडूवालीला पण ठाऊक आहे. नेव्ही म्हटलं, गडद निळा म्हटलं, रेल्वेच्या डब्यासारखा म्हटलं. तो लिहीत राहिला. मी म्हटलं, मला खिडकी दाखवा. म्हणाला, या इमारतीला खिडक्या नाहीत, एसी आहे.

मग म्हणाला, यंत्र चालवता येतं का, गिऱ्हाइकाशी बोलता येतं का, दोऱ्याचा रंग धुतल्यावर टिकतो का याची चाचणी करता येते का. नाही, नाही, नाही. वासरात लंगडी गाय शहाणी म्हणतात, तशी मी सव्वीस वर्षं शहाणी होते. वासरं बाजूला झाली तर पाय दिसला.

हे सगळं मी गिळलं असतं. पण उठता उठता तो मुलगा एकदम उजळून म्हणाला, "तुमच्या कंपनीतून गेलेल्या त्या लॅबवाल्या मॅडम, तक्रारखात्यात होत्या बघा आधी, त्या तुमच्या ओळखीच्या का? आम्ही दोनदा बोलावलं त्यांना. आल्या नाहीत." मी म्हटलं, "माझी नणंद आहे." मग त्यानं मला चहा मागवला. तोपर्यंत चहा नव्हता, लक्षात घे.

तुझ्या नावाचा चहा मी प्यायले. गोड होता. कानामागून आली आणि तिखट झाली, हे मी तुझ्याबद्दल पूर्वी चेष्टेनं म्हणायचे. आज सबंध रस्ता मनातल्या मनात म्हणत आले, आणि चेष्टा नव्हती ती.

वहिनी


२१ मार्च

भिंगरे,

तुझा लिफाफा मिळाला. आत फॉर्म, आणि फॉर्मला टाचलेली चिठ्ठी. "वहिनी, इथं शेड तपासनीसाची एक जागा आहे. फॉर्म सगळ्यांनाच भरावा लागतो. सातवा प्रश्न रिकामा सोडू नकोस." सहा वर्षांनी तीन वाक्यं. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात, "कोटाची बाही खरंच वेगळी होती." शेवटचं वाचून मला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला.

मी जागा मागितली नव्हती. पहिल्या पत्रात स्पष्ट लिहिलं होतं, काही नकोय म्हणून. बरं, मागितली होती. दर पत्रात मागत होते, तुला काय कळत नाही का!

फॉर्मचा निर्णय तुझ्या टेबलावर होणार नाही, तुमच्या नेमणूकखात्यात होणार, हे वर छापलंय. सहा प्रश्न भरले. सातवा असा आहे: 'तुमच्या हातून पास झालेली एक चुकीची शेड. कशी गेली, कोणाच्या सांगण्यावरून, पुढे काय झालं?' हा प्रश्न तूच घातला असणार, पैज लावते.

मी त्यात लिहिलं, एकदा दोन गुलाबी लॉटची लेबलं उलटीपालटी लागली होती, वेळीच लक्षात आलं, नुकसान झालं नाही. नीटनेटकी चूक आहे. शोभून दिसते. दोन दिवस फॉर्म फ्रिजवर ठेवलाय. पाणी प्यायला गेले की दिसतो.

चारशे सतराचं एक सांगायचं राहिलं होतं मागच्या पत्रात. खूण कर, असं मी तुला म्हटलं होतं. म्हणजे, म्हटलं असेन. घाई होती. मोठ्या माणसानं घाईत काही म्हटलं म्हणून लहानानं ऐकायलाच पाहिजे असं थोडंच आहे?

वहिनी


२९ मार्च

भिंगरे,

हे पत्र मी टाकणार नाही. म्हणून यात खरं लिहिते.

संध्याकाळचे सहा चाळीस झाले होते. बाहेर ट्रक घरघरत होता आणि ड्रायव्हर दोनदा येऊन गेला होता. खिडकीत उजेड उरला नव्हता. तू दोरा कार्डावर गुंडाळलास, ट्यूबखाली धरलास आणि म्हणालीस, "वहिनी, मला लालसर वाटतोय. सकाळी खिडकीला दाखवू." मी म्हणाले, "चारशे सतरा मी डोळे मिटून ओळखते. कर खूण." तू वहीत खूण केलीस. कार्डावरच्या 'शेवटची नजर' या चौकोनात मी वेळ घातली आणि सही केली. ट्रक गेला.

बारा दिवसांनी सहाशे कोट परत आले, पहारेकऱ्यांचे. शिवणखोलीत चांगले दिसले होते. अंगणात रांगेत उभे केले तर निळ्या कोटांवर जांभळ्या शिवणी. मास्तरांनी वही उघडली, तुझी खूण दाखवली आणि मला विचारलं, "तू कुठं होतीस?" मी म्हणाले, "मी त्या दिवशी चारलाच घरी गेले होते." तू माझ्याकडं बघितलंस. मी कार्डाच्या फायलीकडं बघत होते, कारण कार्ड तोवर माझ्या पर्समध्ये होतं. तू काही बोलली नाहीस. मला वाटलं, घाबरली.

ते कार्ड घरी बटणांच्या डब्यात आहे, तळाला. अकरा वर्षं. फाडता आलं नाही. दोरा अजून तसाच आहे, पीळसुद्धा सुटलेला नाही.

तुझ्या दादाची नोकरी त्याच महिन्यात पाठीपायी गेली होती, घर माझ्या पगारावर होतं. स्वतःला मी हेच सांगत आले. पण तेवढंच असतं तर मी तुझ्या पाया पडले असते, तुला समजावलं असतं. खरं कारण त्याच्या आदल्या आठवड्यातलं आहे. मास्तर माझ्यासमोर स्टोअरवाल्याला म्हणाले होते, "नणंदेची नजर वहिनीपेक्षा बारीक आहे हो." सहज म्हणाले आणि चहा प्यायला लागले. मी तुला शिकवलं. लाल आणि लालसर यातला फरक मी तुला बोटांनी पापण्या उघडून शिकवला. आणि चौथ्या वर्षी तुला लालसर दिसलं ते मला दिसलं नाही.

म्हणून तुला खोलीतून घालवलं, भिंगरे. नोकरी वाचवायला नाही. खोलीत दोन नजरा नकोत म्हणून.


१० एप्रिल

भिंगरे,

मागचं पत्र टाकलं नाही, हेही टाकेन की नाही कोण जाणे. पण आज आईंना सांगितलं.

त्या मटार सोलत होत्या. मी बटणांचा डबा समोर ठेवला, बटणं ताटात ओतली आणि कार्ड त्यांच्या हातात दिलं. सगळं सांगितलं, मास्तरांच्या त्या वाक्यासकट. मला वाटलं, आता ताट फेकतील. त्यांनी पदरानं चष्मा पुसला आणि कार्ड जवळ धरून बघितलं.

"फाडलं नाहीस हे?"

"नाही."

"मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "कार्डाचं नव्हे. बाकीचं."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी घरी येऊन मला सांगितलं तिनं. रडली. म्हणाली, आई, वहिनीचं नाव घेतलं तर तिची खुर्ची जाईल, आणि दादा घरी बसलाय. माझं काय, मी कुठंही उभी राहीन. मला शपथ घातली."

"आणि तुम्ही अकरा वर्षं माझ्या हातचं जेवलात?"

"मग काय करायचं होतं? शपथ मोडता येईना आणि गप्पही बसवेना. म्हणून तुझ्यादेखत तिचं कौतुक करायचे. दुसरं काय होतं माझ्या हातात?"

मला वाटायचं तू घाबरून गप्प बसलीस. तू मला सांभाळून घेत होतीस! माझ्याहून तेरा वर्षांनी लहान, मी पापण्या उघडून शिकवलेली, आणि तू मला सांभाळून घेत होतीस. ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? लाज नाही आली. आलं ते असं, की मोठेपणातसुद्धा हिनं मला मागं टाकलं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तो असा.

मग आई मटाराच्या शेंगेशी खेळत म्हणाल्या, "आणि ती लॅबची मुख्य ना, ती नुसती म्हणायला. सही चालत नाही तिची."

मी म्हटलं, म्हणजे?

तेव्हा त्यांनी सांगितलं. आपल्या कंपनीनं तुला दिलेल्या दाखल्यात एक ओळ आहे: शेड पास करण्याच्या कामात निष्काळजीपणा आढळल्याने इतर विभागात बदली. तुमची बडी गिऱ्हाइकं सही करणाऱ्याचे जुने कागद मागतात. त्यामुळं चाचण्या सगळ्या तू करतेस, जुळणी तू करतेस, आणि लॉट पास करायची शेवटची सही दुसराच कोणी येऊन करतो, आता तर तुझ्या हाताखालचा. सहा वर्षं. फोटो काढून झाला की तो कोट घालून तू दुसऱ्याच्या सहीसाठी उभी राहतेस.

मला आनंद झाला. आता इतकं लिहिलंय तर हेही लिहिते. पाच मिनिटं, फार तर दहा, मला आतून गार गार वाटलं. चला, तिचंही कुठं सगळं सरळ आहे, असं. मग आईंनी कार्ड परत डब्यात ठेवलं, त्यावर एकेक बटण टाकायला लागल्या, आणि मी त्यांचा हात धरला.

तुझ्या दादाला सांगितलं तेव्हा त्यानं आधी फ्रिजवरचा फॉर्म काढून वाचला. मग म्हणाला, "तिला सगळं माहीतच आहे ना? मग फॉर्ममध्ये गुलाबी लॉटच राहू दे. नेमणूकवाल्यांना कशाला सांगतेस? ही एक नोकरी आहे तुझ्यासमोर." चुकीचं बोलत नव्हता तो. दुसरी नाहीच आहे.

वहिनी


२५ एप्रिल

भिंगरे,

या लिफाफ्यात बरंच काही आहे, सावकाश काढ. मधली दोन न टाकलेली पत्रं आहेत. एकोणतीस मार्चचं आधी वाच.

मंगळवारी मास्तरांकडं गेले. म्हटलं, माझ्या नणंदेचा दाखला दुरुस्त करून द्या.

"आता? शेडखोलीचे थोडेच दिवस राहिले, तू चाललीस, जुनी मढी कशाला उकरतेस?"

मी कार्ड टेबलावर ठेवलं. त्यांनी ते उचललं आणि सवयीनं उठून खिडकीपाशी गेले. यंत्र शेजारीच होतं, पण गेले खिडकीतच. दोरा तिथं जांभळा दिसला. मग चौकोनातली वेळ वाचली, सही वाचली.

"सहा चाळीस. तू तर चारला गेली होतीस."

"तसं सांगितलं होतं मी."

ते खाली बसले. रागावतील, ओरडतील असं वाटलं होतं. म्हातारे झालेत. म्हणाले, "सहाशे कोट गेले होते. चूक कोणाच्या तरी नावावर पाहिजे, कागदावरून ती नुसती पुसता येत नाही. तिच्या दाखल्यातून काढली तर तुझ्यात घालावी लागेल. सव्वीस वर्षांचा स्वच्छ दाखला टाइप करून ठेवलाय तुझा. कालच सही केली."

"घाला."

"तुला आता नोकरी शोधायची आहे, बाई. विचार कर."

"केला. आणि वाक्य नवीन शोधत बसू नका, तेच घ्या."

त्यांनी तेच घेतलं. शेड पास करण्याच्या कामात निष्काळजीपणा. पुढं मात्र त्यांची पंचाईत झाली, कारण माझी इतर विभागात बदली कधी झालीच नव्हती. तेवढे शब्द गाळावे लागले. जी शिक्षा तुला मिळाली ती मला मिळाली असती तर आज मलाही यंत्र चालवता आलं असतं, असा विचार मनात आला, आणि त्याच्याच मागोमाग दुसरा आला की मी तुझ्यावर उपकार झाले म्हणून लिहिलं होतं. ते वाक्य त्या पत्रातून तू खोडून टाक. तुझं जे झालं ते तुझ्या पायांनी झालं. मी फक्त ढकललं होतं, आणि पडावीस म्हणून ढकललं होतं.

सोबत तुझा नवा दाखला आहे, शिक्क्यासह. त्याला टाचून मास्तरांचं पत्र आहे, जुना रद्द समजावा असं. कार्ड आहे. ते गिऱ्हाइकांना दाखव नाहीतर फेकून दे, मला परत नको. आईंनी बटणांचा डबा घासूनपुसून ठेवलाय आणि तुझ्या कोटासाठी त्यात बटणं शोधून ठेवली आहेत, एका पांढऱ्यातली. ती माझ्या नजरेखालून घातली. खिडकीतही बघितली.

फॉर्मही आहे. गुलाबी लॉट खोडलाय. सातव्या प्रश्नाचं उत्तर असं लिहिलंय: 'शेड चारशे सतरा, म्हणजे गडद निळी. खिडकीला दाखवली नाही. कोणाच्या सांगण्यावरून: माझ्या. पुढे काय झालं: जी मुलगी सकाळपर्यंत थांबू म्हणाली, तिच्यावर मी ते ढकललं.' जागा पुरली नाही, मागच्या पानावर गेले. तुझ्या दादानं वाचलं आणि पाकीट चिकटवायला डिंक आणून दिला.

माझा जळफळाट गेलाय असं समजू नकोस. काल रात्रभर विचार करत होते, की आता तुझी सही चालणार, म्हणजे तू अजून वर जाणार, आणि आईंना नवीन फोटो येणार. तो फोटो मी बघेन आणि त्यातही काहीतरी शोधेन. तेवढं तू चालवून घे.

नोकरी दे असं म्हणत नाही. हा दाखला वाचून कोणी देईल असं वाटतही नाही. फॉर्म मात्र नेमणूकखात्यापर्यंत पोचू दे, टेबलाखाली ठेवू नकोस. मी तुझ्या जागी असते तर ठेवला असता.

तुझी वहिनी